खांबावरचा बीकन आणि खिशातला फोन

६ डिसेंबर २०१८ रोजी गूगलने अँड्रॉइड फोनमधली ‘निअरबाय नोटिफिकेशन्स’ ही सोय बंद केली. आपल्याकडे बहुतेकांना ती फोनमध्ये आहे हेच ठाऊक नव्हते, त्यामुळे ती गेल्याचे दुःखही कोणाला झाले नाही. मला मात्र ती तारीख महत्त्वाची वाटते. जगातल्या साध्यासुध्या वस्तूंना आणि जागांना स्वतःचा वेबपत्ता असावा, आणि जवळ उभ्या असलेल्या कुणाच्याही फोनला तो आपोआप कळावा, अशी एक मोठी कल्पना तोवर चार वर्षे रुजू पाहत होती. ती त्या दिवशी बाजूला पडली.

कल्पना मांडली होती गूगलमधल्या स्कॉट जेन्सन यांनी, २०१४च्या ऑक्टोबरमध्ये. प्रकल्पाचे नाव ‘फिजिकल वेब’. जेन्सन यांचे म्हणणे अगदी व्यवहाराचे होते. बसथांबा, पार्किंगचे यंत्र, सिनेमाचे पोस्टर, संग्रहालयातली मूर्ती अशा प्रत्येक गोष्टीपाशी माणूस दोन-चार मिनिटे थांबतो. तेवढ्यासाठी प्रत्येकाचे वेगळे अॅप कोण उतरवून घेणार? अॅप शोधा, डाउनलोड करा, परवानग्या द्या, खाते उघडा, तोवर बस निघून जाते. उलट वेबपान हे सगळ्यांना सारखे उघडे असते. अडचण एकच, त्या पानाचा पत्ता माणसाच्या हातात कसा द्यायचा. त्यासाठी हवा होता बीकन.

बीकन म्हणजे काडेपेटीएवढी, कधी त्याहूनही लहान प्लास्टिकची डबी. आत एक रेडिओ चिप, एक छोटासा अँटेना आणि घड्याळात किंवा मोटारीच्या रिमोटमध्ये घालतात तसा नाण्याएवढा बटण सेल. इंटरनेटची जोडणी नाही, सिमकार्ड नाही, कॅमेरा नाही, मायक्रोफोन नाही. ही डबी भिंतीला किंवा खांबाला चिकटवली की ठरावीक अंतराने एकच छोटा संदेश हवेत सोडत राहते. दुसरे काही काम तिला नाही.

हे शक्य झाले ते ब्लूटूथच्या कमी वीज खाणाऱ्या प्रकारामुळे. त्याचे मूळ नोकियाच्या प्रयोगशाळेत आहे. २००६ साली नोकियाने ते ‘वायब्री’ या नावाने पुढे आणले आणि २०१०मध्ये ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीत ते सामील झाले. वीज वाचते कशी, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एक संदेश हवेत जायला साधारण ०.४ मिलिसेकंद लागतो. तो तीन वेगवेगळ्या वाहिन्यांवर एकापाठोपाठ एक पाठवला जातो, म्हणजे सव्वाएक मिलिसेकंदाच्या आसपास. तयारीची आणि आवरण्याची वेळ धरली तरी सेकंदातून काही सहस्रांश भागच चिप जागी असते. उरलेला सगळा वेळ झोप. सेकंदाला एकदा संदेश पाठवणाऱ्या बीकनला सरासरी पंधरा मायक्रोअँपिअर लागतात असे धरले, तर २२० मिलिअँपिअर-तासांचा बटण सेल जवळजवळ पावणेदोन वर्षे पुरतो. संदेश सेकंदाला दहा वेळा पाठवायचा ठरवला की हेच आयुष्य काही महिन्यांवर येते. बीकन लावणाऱ्याला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो हाच. भराभर संदेश सोडला तर फोनला तो लवकर सापडतो आणि सेलही लवकर संपतो.

त्या तीन वाहिन्यांची निवडही विचारपूर्वक झाली आहे. ब्लूटूथ आणि वायफाय दोघेही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात राहतात. तिथे वायफायच्या नेहमीच्या वाहिन्यांची गर्दी असते. म्हणून बीकनच्या घोषणांसाठी २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ अशा, त्या गर्दीच्या मधल्या फटींतल्या आणि कडेच्या जागा राखून ठेवल्या आहेत. शिवाय प्रत्येक वेळी ठरलेल्या अंतरात शून्य ते दहा मिलिसेकंदांची यदृच्छेने निवडलेली भर घातली जाते. शेजारशेजारचे दोन बीकन योगायोगाने एकाच क्षणी बोलू लागले, तर या भरीमुळे पुढच्या वेळी ते आपोआप वेगळे होतात. त्यांना एकमेकांचे अस्तित्व माहीत असण्याची गरजच पडत नाही.

आता संदेशाच्या आकाराकडे येऊ, कारण सगळी कसरत तिथे आहे. एका घोषणेत मजकुरासाठी जागा फक्त ३१ बाइटची. गूगलने २०१५च्या जुलैत ‘एडीस्टोन’ नावाचा खुला संदेश-नमुना जाहीर केला, त्यात वेबपत्ता पाठवायची सोय होती. ३१पैकी ११ बाइट ब्लूटूथचे नियम आणि ओळख यांतच जातात. एक बाइट संदेशाचा प्रकार सांगतो, एक प्रक्षेपणाची ताकद सांगतो, आणि एक पत्त्याची सुरुवात सांगतो. उरतात १७. एवढ्यात वेबपत्ता बसवायचा. म्हणून एडीस्टोनमध्ये ‘एचटीटीपीएस’पासून पुढे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू डॉट’पर्यंतची सगळी सुरुवात एका बाइटमध्ये बांधली होती. शेवटच्या ‘डॉट कॉम’, ‘डॉट ऑर्ग’, ‘डॉट एज्यु’, ‘डॉट गव्ह’ वगैरे सात शेपट्यांनाही एकेका बाइटचे संकेत दिले होते. त्या सातांत आपला ‘डॉट इन’ नव्हता, त्याला तीन बाइट मोजावे लागत. देवनागरी पत्त्याचे तर फारच हाल. ‘डॉट भारत’ हा शेवट यंत्राच्या रोमन लिपीत उतरवला की बिंदूसकट बारा अक्षरे होतात, म्हणजे खऱ्या नावासाठी पाचच बाइट उरतात. जागतिक म्हणवणारी प्रमाणके कुठल्या टेबलावर बसून लिहिली जातात, हे अशा बारीक तपशिलांत दिसते. मराठी, हिंदी, तमिळ नावांचा विचार त्या टेबलावर झाला असता तर आठवा संकेत घालणे मुळीच कठीण नव्हते.

पत्ता बसत नसेल तर उपाय म्हणून तो आखूड करून देणारी सेवा वापरावी, असे सांगितले जाई. गूगलची स्वतःची तशी सेवा होती आणि अनेकांनी तीच वापरली. पुढे २०१९च्या मार्चअखेर त्या सेवेत नवे पत्ते करणे बंद झाले. भिंतीवर डबी आपली, पत्ता मात्र दुसऱ्याच्या मालकीचा, अशी ती परावलंबी रचना होती.

एडीस्टोन हे नाव इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, प्लिमथपासून दूर समुद्रातल्या खडकांवर उभ्या असलेल्या दीपगृहाचे. १६९८ साली तिथे पहिला दिवा लागला, १७०३च्या वादळात तो मनोरा त्याच्या कर्त्यासकट वाहून गेला, आणि आज उभा आहे तो चौथा. बीकनला दीपगृहाचे नाव देणाऱ्यांनी उपमा नेमकी निवडली. दीपगृह प्रकाश फेकते. समोरून कोणते गलबत चालले आहे, त्यात कोण आहे, किती माल आहे, हे त्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. ठरलेल्या लयीत उघडझाप करायची, एवढेच त्याचे काम. त्या लयीवरून हे कोणते दीपगृह हे ओळखणे, नकाशा काढणे आणि सुकाणू वळवणे हा सगळा कारभार गलबतावर होतो. पत्ता सोडणाऱ्या बीकनचेही तसेच आहे. ‘दुकानातल्या बीकनने माझी माहिती घेतली’ असे लोक म्हणतात. बीकन काही घेत नाही, त्याला ऐकूच येत नाही. माहिती घेते ते फोनमधले अॅप. ते बीकन ऐकते आणि ‘हा माणूस आत्ता अमुक दुकानाच्या अमुक कोपऱ्यात आहे’ असे आपल्या मालकाच्या सर्व्हरला कळवते. भीती योग्य असली तरी बोट दाखवायचे ते खिशाकडे, खांबाकडे नव्हे.

हा भेद समजायला अॅपलचा ‘आयबीकन’ उपयोगी पडतो. तो गूगलच्याही आधी, २०१३च्या जूनमध्ये आला. त्याच वर्षी डिसेंबरात अॅपलने अमेरिकेतल्या आपल्या अडीचशेहून अधिक दुकानांत तो सुरू केला. आयबीकन वेबपत्ता पाठवतच नाही, तो पाठवतो एक आकडा. १६ बाइटची संस्थेची ओळख, दोन बाइटचा शाखेचा क्रमांक आणि दोन बाइटचा त्या शाखेतल्या जागेचा क्रमांक. या आकड्याचा अर्थ काय, हे फक्त त्या संस्थेच्या अॅपला माहीत. अॅप नसेल तर तो आकडा तुमच्यासाठी निरर्थक. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही फार सोयीची व्यवस्था आहे, गिऱ्हाईक आपल्याच अॅपच्या आत राहते. फिजिकल वेबची दिशा उलटी होती. पत्ता उघडा हवेत, ज्याला हवा त्याने वाचावा, कोणत्याही ब्राउझरने उघडावा. मला ती दिशा अधिक न्याय्य वाटते, आणि ती हरली याची हळहळ आजही वाटते.

ती काही एका रात्रीत सुचलेली गोष्ट नव्हती. १९९०च्या सुमारास इंग्लंडमधल्या केंब्रिजला, ऑलिव्हेटीच्या संशोधन प्रयोगशाळेत, छातीवर लावायचा ‘अॅक्टिव्ह बॅज’ तयार झाला. तो दर पंधरा सेकंदांनी अवरक्त प्रकाशात आपली ओळख सोडायचा आणि खोल्यांमधले ग्राहक ती टिपायचे. म्हणजे बीकन माणसाच्या अंगावर आणि कान भिंतींना. त्या संशोधकांपैकी रॉय वाँट हे पुढे गूगलमध्ये गेले आणि फिजिकल वेबच्या कामात सामील झाले. पंचवीसेक वर्षांत दिशा पूर्ण उलटली, भिंत बोलू लागली आणि माणसाकडचे यंत्र ऐकू लागले. मधल्या काळात, २०००च्या आसपास, ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेतल्या ‘कूलटाउन’ प्रकल्पाने अवरक्त बीकनमधून चक्क वेबपत्ते सोडून दाखवले होते. माणसे, जागा आणि वस्तू या तिघांनाही वेबवर अस्तित्व असावे, ही त्यांची भूमिका. ते पत्ते वाचायला लागणारे हातातले संगणक मात्र फार थोड्यांकडे होते. २०१४ साली वाचणारा फोन कोट्यवधी खिशांत होता, म्हणून आशा मोठी होती.

अंतराबद्दल थोडे सांगायला हवे, कारण जाहिरातींनी इथे बराच घोळ घातला. बीकन किती दूर आहे हे फोन संदेशाच्या जोरावरून अंदाजतो. बीकन आपली मूळ ताकद संदेशातच सांगतो, फोन आपल्यापर्यंत पोहोचलेली ताकद मोजतो आणि फरकावरून अंतर काढतो. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्याने शोषल्या जातात, आणि माणसाचे शरीर बव्हंशी पाणीच आहे. फोन मागच्या खिशात ठेवून बीकनकडे तोंड केले तर मध्ये अख्खा देह येतो आणि दोन मीटरवरचा बीकन आठ मीटरवर असल्यासारखा वाटू शकतो. लोखंडी कपाटे, काचा, गर्दी या सगळ्यांनी आकडा डोलत राहतो. म्हणूनच अॅपलने विकासकांना मीटरच्या भरवशावर न सोडता ‘अगदी जवळ’, ‘जवळ’ आणि ‘दूर’ असे तीन ढोबळ पट्टे दिले. अचूकता हवी तर बीकन पुष्कळ लावावे लागतात. लंडनच्या गॅटविक विमानतळाने २०१७मध्ये सुमारे दोन हजार बीकन बसवले, तेव्हा कुठे छपराखाली तीन मीटरपर्यंत जागा सांगता येऊ लागली. तिथे जीपीएस चालत नाही, म्हणून हा खर्च.

तंत्र चालत होते, तर मग बिनसले कुठे?

पहिला तडा विश्वासाला गेला. २०१४च्या ऑक्टोबरात बझफीडच्या बातमीदारांनी उघड केले, की न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटन भागात सार्वजनिक फोनबूथांवर जाहिरात कंपनीने सुमारे पाचशे बीकन बसवले आहेत. लोकांना काही सांगितलेले नव्हते. बातमी आली त्याच दिवशी महापौरांच्या कार्यालयाने ते काढायला सांगितले. ते बीकन स्वतःहून कोणाचे काही चोरू शकत नव्हते, हे खरे. पण सार्वजनिक जागेत न सांगता काही लावले की लोकांचा संशय रास्तच असतो. तांत्रिक खुलासा कितीही बरोबर असला तरी तो उशिरा येतो, आणि उशिरा आलेला खुलासा कोणाला पटत नाही.

त्याच वर्षी जानेवारीत लास वेगासच्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात आणखी एक गोष्ट दिसून आली होती. तिथे बीकन शोधत फिरायचा खेळ ठेवला होता. ‘मेक’ नियतकालिकाच्या मंडळींनी खेळाचे अॅप उलगडून त्यातले आकडे काढले आणि प्रदर्शनात पाऊल न टाकता खेळ पूर्ण करता येतो हे दाखवले. बीकनचा आकडा कोणीही ऐकू शकतो, आणि जे ऐकता येते त्याची नक्कलही करता येते. म्हणून बीकनवर ‘तू खरेच इथे आलास’ याचा पुरावा कधी टांगू नये. गूगलने २०१६मध्ये आकडा सतत बदलत राहणारा, किल्ली असलेल्यालाच उलगडणारा संदेश-प्रकार आणला तो यासाठीच.

शेवटचा घाव मात्र साध्या लोभाने घातला. फोनच्या पडद्यावर फुकटात पोहोचायचा रस्ता सापडला म्हटल्यावर दुकानदारांनी आणि जाहिरातदारांनी तो भरून टाकला. त्या जागेशी ज्याचा काडीचा संबंध नाही असे पत्ते बीकनमधून सुटू लागले. गूगलने आधी २०१७च्या ऑक्टोबरात क्रोम ब्राउझरमधून फिजिकल वेब काढले आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइडमधली सोयही बंद केली. कारण देताना असंबद्ध आणि त्रासदायक सूचनांचा सुळसुळाट झाल्याचे कंपनीने स्वच्छ सांगितले. माझ्या मते दोष नियंत्रणाच्या जागेत होता. पत्ता हवेत असणे ठीक, पण तो पडद्यावर कधी यावा हे माणसाने ठरवायला हवे होते. जेन्सन यांची मूळ मांडणी तशीच होती. फोन गप्प राहील, तुम्ही विचाराल तेव्हा आसपासच्या पत्त्यांची यादी दाखवेल. ती मर्यादा जिथे सैल झाली तिथेच वाट चुकली.

याच जागी क्यूआर कोड जिंकला. तो जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत १९९४ साली, मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी जन्मला. त्याच्यात वीज नाही, रेडिओ नाही. माणसाने स्वतः फोन उचलून त्याच्यासमोर धरावा लागतो, आणि हीच त्याची ताकद ठरली. २०१६नंतर यूपीआयच्या लाटेवर तो आपल्याकडे भाजीच्या गाडीपासून देवळाच्या दानपेटीपर्यंत पोहोचला. पिवळटलेला कागद फाटला तर नवा छापायला काही रुपये लागतात, सेल बदलायला शिडी लागत नाही. बहुतेक कामांना क्यूआर पुरेसा आहे, हे बीकनच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे.

पण ज्याला तो चौकोन कुठे चिकटवला आहे हेच दिसत नाही, त्याचे काय? बीकनचे सगळ्यात मोलाचे काम या प्रश्नापाशी सुरू होते. चिएको असाकावा या जपानी संगणकशास्त्रज्ञ. लहानपणी पोहताना झालेल्या अपघातानंतर चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. १९९७मध्ये त्यांच्या पुढाकाराने आयबीएमने वेबपाने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर आणले. पुढे अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठासोबत त्यांनी ‘नॅव्हकॉग’ तयार केले. इमारतीत जागोजागी बीकन लावायचे, फोनने त्यांच्या जोरावरून जागा ओळखायची आणि कानात सांगायचे, अमुक पावले सरळ, मग डावीकडे वळा, दार समोर आहे. विद्यापीठाच्या आवारात त्याची सुरुवात झाली, आणि २०१९मध्ये पिट्सबर्गच्या विमानतळावर ते प्रवाशांना मिळाले. २०२१मध्ये असाकावा टोकियोच्या मिराइकान विज्ञान संग्रहालयाच्या संचालक झाल्या.

लंडनमध्ये २०१५ साली पिम्लिको या भुयारी रेल्वेस्थानकात ‘वेफाइंडर’ची चाचणी झाली. अंध आणि अंधुक दिसणारे तरुण बीकनच्या आधाराने तिकीट तपासणीच्या फाटकापासून फलाटापर्यंत स्वतः गेले. त्या अनुभवावरून, अशा वाटदर्शक यंत्रणेने सूचना कशा द्याव्यात याचे नियम लिहिले गेले आणि २०१७मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने त्यांवर आधारलेले प्रमाणक मंजूर केले. इथे बीकन कोणाला काही विकत नाही. ज्याने ऐकायचे ठरवले आहे त्यालाच तो ऐकू येतो आणि इतरांना त्याचा पत्ताही लागत नाही.

आणखी एक वळण आपल्या सगळ्यांच्या अनुभवातले आहे. २ एप्रिल २०२० रोजी कोविडबाधितांचे संपर्क शोधण्यासाठी सरकारचे ‘आरोग्य सेतू’ अॅप आले, तेव्हा कोट्यवधी भारतीयांचे फोन स्वतःच बीकन झाले. फोन आपली खूण सोडायचा आणि शेजारच्या फोनची टिपून ठेवायचा. आरोग्य सेतू सोबत जीपीएसची जागाही घेत असे, त्यावर त्या वेळी बरीच टीका झाली. अॅपल आणि गूगल यांनी मिळून त्याच सुमारास जी पद्धत बनवली तीत जागा घेतलीच जात नव्हती आणि फोनची खूण दर पंधरा मिनिटांच्या आसपास बदलत असे. एकाच रेडिओवर दोन वेगळ्या वृत्तींच्या रचना उभ्या राहिल्या. २०२१मध्ये आलेल्या अॅपलच्या एअरटॅगने, म्हणजे वस्तूला अडकवायच्या छोट्या टॅगने, तर बीकनच फिरता केला. हरवलेली पिशवी शोधायला उत्तम, पण कोणाच्या गाडीत गुपचूप टाकून पाठलाग करायलाही तितकाच सोपा. अखेर अॅपल आणि गूगलला एकत्र येऊन, अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरत असेल तर दोन्ही प्रकारच्या फोनवर इशारा देण्याची व्यवस्था २०२४च्या मे महिन्यात सुरू करावी लागली. ती सूचना तुमच्या फोनवर कधी आली तर झटकून टाकू नका.

आणि संग्रहालय, ग्रंथालय, एसटी स्थानक किंवा महापालिकेचे कार्यालय ज्यांच्या हाती आहे, त्यांना एक विनंती. बीकन लावायचे ठरवलेत तर आधी अंध व्यक्तींना बोलावून त्यांच्यासोबत इमारत चालून पाहा आणि त्यांना कुठे अडते ते टिपा, मगच डब्या विकत घ्या. बीकन कुठे आहेत आणि कशासाठी आहेत याची पाटी दारावर मराठीत लावा. ज्यांना दिसते त्यांच्यासाठी शेजारी क्यूआर कोड ठेवा, आणि दोन्हींमागचा वेबपत्ता तुमच्या संस्थेच्या स्वतःच्या नावाचा घ्या. सेल कोणी आणि कोणत्या महिन्यात बदलायचे, हे एका कर्मचाऱ्याच्या नावासह नोंदवहीत लिहून ठेवा.